वर्गातला माठ

त्या दुष्काळात बीडकडच्या पालीजवळच्या वस्तीवर महिला सहकारी संस्थेचा शिवणवर्ग भरायचा. तिथल्या धरणाचा तळ उघडा पडला होता. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि घागरीवरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. म्हणून शिकवणाऱ्या सिंधुबाईंनी वर्गात एक रीत घातली. मशीनला हात लावण्याआधी प्रत्येकीनं काल केलेलं एक चांगलं काम सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

रीत चांगलीच होती, नाही कोण म्हणतं! पण चांगलं करायला समोर कुणी गरजू लागतं, आणि वर्गात सगळ्यांत गरजू होती हजराबी. नवरा मेलेला, मागंपुढं कुणी नाही. केशरबाईनं तिला भाकरी दिली, वाजल्या टाळ्या. रतनबाईनं जुनी साडी दिली, पुन्हा टाळ्या. हजराबी आपली खाली मान घालून काजं करत बसायची. तिची वेळ आली की सिंधुबाई मायेनं म्हणायच्या, "तू राहू दे गं." जिच्यापाशी काहीच नाही तिला कशाला लाजवा, एवढाच त्यांचा विचार.

एकदा तीच बोलली होती. "बाई, मीबी येक सांगू का?"

"सांगशील गं सावकाश, घाई काय आहे?" म्हणत सिंधुबाई कोपऱ्यातल्या माठाचं पाणी प्यायल्या आणि कापड बेतायला बसल्या. तो माठ रोज भरलेला असायचा. संस्थेचा शिपाई भरत असेल, असं सगळ्या धरून चालल्या होत्या.

मग हजराबी यायची बंद झाली. माठही कोरडा पडला. चार दिवस बायकांनी शिपायाच्या नावानं बोटं मोडली. पाचव्या दिवशी हजराबीची शेजारीण नसीम आली ती दारातच उभी राहिली.

"हजराबी गेली, बाई. हगवण लागलती. बीडला न्यायच्या आत संपली."

"अगं, पण टँकरचं पाणी तर चांगलं आहे!"

"ती कुटं पीत होती ते? आपल्या वाट्याचं हितल्या माठात आणून वतायची, दिस उगवायच्या आत. सोता धरणाच्या तळात खणलेल्या झिऱ्याचं गढूळ पानी प्यायची. मी म्हनलं, कावून करती असं? तर म्हनली, समद्यांचं घेतीया, माजंबी कायतरी असू दे. बाईनं इचारलं की सांगंन."

दीड महिना सगळ्या तेच पाणी प्यायल्या होत्या, आपापलं चांगलं काम सांगून घसा कोरडा पडला की.

"सगळ्यांना विचारलं मी," सिंधुबाई म्हणाल्या, "तिला तेवढं नाही." आणि सगळ्या बायकांदेखत ढसाढसा रडल्या.

ती रीत त्याच दिवशी मोडली. वर्ग अजून भरतो. माठ कोपऱ्यात पालथा घातलेला आहे, आणि जी ती आपापली बाटली घेऊन येते.