रंगावर आवळलेला बोल्ट

"काल रात्री ते स्पीकर बसवलेस ना? त्यांनीच गाडी खाल्ली!" बंद पडलेल्या गाडीपाशी बाबा ओरडले.

"स्पीकर गाडी खात नाहीत, बाबा. फार तर कान खातात."

"तोंड चालवू नकोस. काढ ते आधी."

काढतोय कोण! आई पायरीवर फाईल मांडीवर घेऊन बसली होती. आज तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. मागची तारीख हुकली, डॉक्टरने म्हटलं, आता उशीर नको. टॅक्सीवाला फोन उचलेना.

मी किल्ली फिरवली. टक् झालं आणि मीटरवरचे दिवे विझले. किल्ली सोडली, दिवे परत आले. शेजारच्या काकांची बॅटरी लावून पाहिली. तरी तेच, टक्. म्हणजे बॅटरी ठीक होती, वीज वाटेत अडत होती. इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला ढिगाने वीज लागते, दिव्यांचं थोड्यावर भागतं.

चार-पाच वेळा किल्ली मारून बोनेटखाली हात घातला. बॅटरीची जाड काळी तार पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे चटका बसला. बाकी सगळं गार. वाकून पाहिलं तर तारेच्या कडीखाली चकचकीत राखाडी रंग.

बाबा रंगारी आहेत. गंजाचा ठिपका दिसला की ते ब्रश काढतात. काल बॅटरी उतरवून त्यांनी खालचा सगळा पत्रा रंगवला होता.

"इथेही रंग मारलात?"

"मारला. दोन हात!"

"तेच तर! रंगातून वीज जात नाही, तारेला उघडं लोखंड लागतं. पॉलिश पेपर द्या, खरवडतो."

"हात लावायचा नाही! परत गंज चढेल."

"मग चढवा रंग आणि बसा घरात!" मी पाना आपटला.

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "चढू दे गंज. तुम्ही परत हात मारू शकाल. मला परत तारीख कोण देणार?"

बाबा पिशवीतून पॉलिश पेपर काढून स्वतःच घासायला बसले. मला देईनात. लोखंड पांढरं झाल्यावर मी कडी आवळली, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू.

"आई, पुढे बस. रस्ता दिसेल."

"दिसत असता तर कशाला चालले असते रे?"

ती बसलीये. बाबा मात्र बोनेट उघडं ठेवून त्या खरवडलेल्या जागेकडेच बघत उभे आहेत. त्यांना ओढून आत बसवायला हवं. निघतो मी.