शनिवारचा बाराचा भोंगा

आमच्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात बायका कशा आल्या, हे शताब्दीच्या पुस्तकासाठी विचारलंय, म्हणून लिहितो.

दर शनिवारी बरोबर बाराला आगीचा भोंगा वाजवून बघायची आमची पद्धत. ते काम माझं. त्या शनिवारी बाराला मिनिटभर कमी असताना ओल्गा युरिकचा फोन आला. तिच्या स्वयंपाकघराला आग लागली होती आणि माडीवर अंथरुणाला खिळलेला सासरा होता. मी भोंगा वाजवला. गावानं घड्याळं जुळवली आणि जेवायला बसलं. पुन्हा वाजवला, तरी कुणी आलं नाही.

ठाण्याच्या मागच्या खोलीत सहा बायका दलाच्या मदतीसाठी विकायला बटाट्याच्या पिएरोग्या, म्हणजे उकडायच्या करंज्या, भरत होत्या. त्यांतली माझी बायको वेरा बाहेर आली.

"जोसेफ, दोनदा कशाला वाजवतोस?"

"ओल्गाच्या घराला खरंच आग लागलीय!"

"मग गाडी काढ की! आम्ही येतो."

"गाडीवर बायका घेत नाहीत, वेरा. नियम आहे."

"बरं. मग नळीही तूच धर आणि म्हाताऱ्यालाही तूच उचल."

मी गाडी काढली. पिठाच्या हातांनी सहाही जणी चढल्या. चौघींनी नळी धरली. वेरानं आणि तिच्या बहिणीनं म्हाताऱ्याला पांघरुणात घालून खाली आणलं. धूर बघून पुरुष धावत आले, तेव्हा तो अंगणात खोकत होता.

"या," वेरा म्हणाली, "जेवण झालं का सगळ्यांचं?"

पुढच्या बैठकीत दलाच्या यादीत त्यांची सहा नावं चढली. पण दलानं बायकांना प्रवेश दिला, असं पुस्तकात छापू नका. त्या आधीच गाडीवर चढल्या होत्या.