मे महिन्यातला आकडा

जानेवारीत मोजलेला आकडा मे महिन्यात काही केल्या येईना. तोच काचेवर चढवलेला पातळ थर, तेच यंत्र, मोजणारी सईही तीच. पण थराचा विद्युतरोध जानेवारीच्या निम्माही भरेना. शोधनिबंध तपासणाऱ्यांनी नेमकं हेच मोजमाप पुन्हा मागितलं होतं. संध्याकाळपर्यंत जुळलं नाही तर निबंध मागे घ्यायचा, असं तिच्या गाइड मंजूषा खेर मॅडमनी सांगून टाकलं होतं.

निबंधाचं एक वेळ सोसलं असतं. पण जाता जाता मॅडमनी विचारलं, "सई, जानेवारीत आकडे जुळवून तर घेतले नव्हतेस ना?" ते तिच्या जिव्हारी लागलं. दुपारपर्यंत तर तिलाच वाटायला लागलं, की आपल्या हातून काहीतरी भलतं झालं असणार.

मॅडम मनाने वाईट नव्हत्या. उलट, भोपाळच्या उन्हाळ्यात पोरं प्रयोगशाळेत भाजून निघतात म्हणून शाहपुऱ्यातल्या घरचा पाण्याचा कूलर त्यांनी परवाच आणून खिडकीत बसवला होता. अख्ख्या भौतिकशास्त्र विभागात एवढी माया दुसऱ्या कोणाला नव्हती.

दुपारी लाईट गेली. कूलर गप्प झाला; यंत्र मात्र बॅटरीवर चालू राहिलं. सई घाम पुसत, नशिबाला बोल लावत बसली होती, तेवढ्यात पडद्यावरचा आकडा चढायला लागला. चढत चढत थेट जानेवारीला जाऊन टेकला. लाईट आली, कूलर घरघरला आणि आकडा घसरला. तिने कूलर बंद केला. आकडा पुन्हा चढला. कूलरची दमट हवा थरावर येत होती, थर ओलावा पीत होता आणि ओलाव्याने त्याचा रोध उतरत होता, एवढंच ते प्रकरण. जानेवारीत कुठला आलाय कूलर! सई एकटीच खुळ्यासारखी हसत सुटली.

मग पंचाईत झाली. मॅडमच्या मायेनेच घोळ घातला, हे मॅडमना सांगणार कसं?

"मॅडम, सॅम्पल एकदम ठीक आहे," ती केबिनच्या दारातूनच म्हणाली. "गडबड कूलरची आहे."

मॅडम आल्या, कूलर स्वतःच्या हाताने बंद केला आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या. दोघीही घामाने निथळल्या, पण आकडा जागेवर येईपर्यंत कोणी उठलं नाही.

"शंका खोलीवर घ्यायची होती गं, मी तुझ्यावर घेतली," मॅडम म्हणाल्या.

"मीपण माझ्यावरच घेतली, मॅडम," सई म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आवरेना. मॅडमनी तिला पोटभर रडू दिलं.