उघडले तर काढा

सिस्टरनी बटण दाबलं, पण ते खाली जाईना. डोळ्याला लावलेल्या चौकटीत लाल पातं वर आलं होतं. उजेड पुरेसा नसला की हा कॅमेरा फोटो काढायला सरळ नकार द्यायचा.

समोर काचेच्या पेटीत मुलगी झोपली होती. सकाळीच, वेळेच्या बरीच आधी जन्मलेली. तिचं हृदय नीट घडलंच नव्हतं. आजचा दिवस निघणं कठीण आहे, हे डॉक्टरांनी तिच्या बापाला सांगून झालं होतं. आई खालच्या मजल्यावर होती. ऑपरेशन झाल्यामुळे तिला उठायची परवानगी नव्हती.

तिला विचारायला सिस्टर स्वतः गेल्या होत्या.

"तुझ्या मुलीचा फोटो काढू का गं?"

ती छताकडे बघत होती. तसंच बघत म्हणाली, "डोळे उघडलेत का तिने?"

"अजून नाही."

"उघडले तर काढा."

आता पेटीपाशी तिची सासू उभी होती. "कशाला ते फोटोबिटो, सिस्टर?" ती म्हणाली. "घरी गेल्यावर सून रोज काढून बघत बसेल. विसरायला नको का तिने?"

"आजी, तिने मागितलाय."

"तिला आत्ता काय कळतंय?"

"आई, राहू दे ना," मुलीचा बाप म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सिस्टरनी वाद घातला नाही. डॉक्टरांना विचारून त्यांनी पेटी हळूहळू खिडकीपाशी सरकवली, पडदा पूर्ण बाजूला केला आणि पुन्हा चौकटीतून पाहिलं. बाहेर ढग होते, तरी उजेड जेमतेम पुरणार होता.

हा कॅमेरा सिस्टरनी नोकरीला लागल्यावर एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून घेतला होता. कोटाच्या खिशात मावेल एवढा, पण हातात घेतला की धातूचं वजन जाणवायचं. त्याला सेल लागत नसे. भिंगाभोवती खडबडीत काचेचं एक कडं होतं. त्यावर जो उजेड पडेल त्यावर त्याचं सगळं चालायचं. भिंगाच्या रिंगवर चिमुकली चित्रं होती: एक डोकं, दोन माणसं, घोळका, डोंगर. समोरचं माणूस किती लांब आहे ते पाहून रिंग त्या चित्रावर आणायची, बाकीचं तो बघून घ्यायचा. सिस्टरचा नवरा त्याला घरजावई म्हणायचा, कारण कपाटातली सगळ्यांत मऊ जागा त्याची होती.

वर येऊ न शकणाऱ्या आयांसाठी सिस्टर बाळांचे फोटो काढून न्यायच्या. या खोलीत मोबाइलला बंदी होती, कॅमेऱ्याला डॉक्टरांची हरकत नव्हती. "डिजिटल घ्या ना आता, लगेच दिसतो," असं नव्या नर्सने एकदा सुचवलं होतं. "लगेच दिसला की मनासारखा येईपर्यंत काढत बसावंसं वाटतं," सिस्टर म्हणाल्या होत्या. "बाळाला कशाला तेवढा त्रास? मी एकदाच काढते."

सासू पेटीशेजारच्या स्टुलावर बसली. दुपार झाली. सिस्टर दुसऱ्या बाळांचं बघत होत्या. कुणाचं दूध, कुणाचा ताप.

"सिस्टर," सासूने हाक मारली. आवाज अगदी हळू होता. "या लवकर. उघडलेत बघा."

सिस्टर आल्या, हातभर अंतरापेक्षा जरा मागे उभ्या राहिल्या, श्वास धरला. जीभ टाळूला लागावी एवढाच आवाज झाला.

संध्याकाळी मुलगी गेली.

रोल अर्धाही संपला नव्हता. सिस्टरनी तो तसाच गुंडाळायला घेतला. छोटा दांडा फिरवता फिरवता आत फिल्म सुटल्याचं बोटांना जाणवलं आणि त्याच क्षणी त्यांना रिंग आठवली. आधीचा फोटो त्यांनी गच्चीवरून काढला होता. म्हणजे रिंग डोंगरावर होती. पेटीपाशी आपण ती फिरवली का? नसेल तर चेहरा पुसटच आला असणार. काही केल्या आठवेना. हाताळण्यात आता ती भलतीकडेच गेली होती.

"आत बघता नाही येत?" घरी नवऱ्याने विचारलं.

"बघायला गेलं तर उजेड लागून जे असेल तेही जाईल."

रोल धुणारा त्यांच्या ओळखीचा होता. सिस्टर रोज ड्यूटीवर जाताना त्याच्या दुकानात डोकावत राहिल्या, आणि एका सकाळी त्याने पाकीट पुढे केलं. त्यांनी ते तिथेच उघडलं. डोळे लख्ख आले होते. दोन्ही बाहुल्यांत खिडकीचा चौकोन होता. एवढ्या वर्षांत हाताला सवय झाली होती. रिंग हातानेच फिरवली होती.

बाळंतीण त्याच दिवशी घरी जायची होती. पिशव्या भरून पलंगावर ठेवलेल्या. तिने फोटो घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

"इथे हात पुसट का आलाय?"

"हलवला तिने. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची पापणी हळू मिटते. तेवढ्यात मूठ हलली."

"म्हणजे हलत होती ती."

"हो. चांगली हलत होती."

तिने पुसट मुठीवरून बोट फिरवलं, मग फोटो सासूपुढे धरला. सासूने चष्मा लावला. चेहऱ्याला बोट लागू नये म्हणून तो कडेने धरला.

"माझ्याकडे बघत होती तेव्हा," ती म्हणाली.

मग सासूने भरलेली पिशवी पुन्हा उघडली. तळाशी बाळासाठी आणलेली झबली होती, एकदाही न घातलेली. त्यांतल्या वरच्या झबल्याची घडी तिने उलगडली, फोटो आत ठेवला, आणि घडी होती तशी घातली.