मागचं दार

"अलका, ते मागचं दार नीट बंद कर. तू आणि तुझी बादली, दोघी फोटोत येता," हेलन म्हणाली.

मी राखेची बादली धरून तिच्याकडे बघत राहिले. हेलन आमच्या म्युझियमची मॅनेजर. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकबाहेरच्या या म्युझियममध्ये जुन्या काळची घरं उभी केलीत. त्यातच अमेरिकेत जंगल तोडून राहिलेल्या पहिल्या गोऱ्या लोकांची एक लाकडी केबिन आहे. तिथली चूल रोज सकाळी पेटवायची मी, आणि दहा वाजता टोपी-ॲप्रन घालून चुलीपुढे घरधनीण म्हणून बसायचं एमाने. बावीस वर्षांची पोर, जन्मात काडी ओढलेली नाही.

मी संगमेश्वरजवळच्या खेड्यातली. लग्न होईपर्यंत ओल्या लाकडांवर भाकऱ्या भाजल्यात. म्हणून मार्चमध्ये त्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. हेलन गोड हसली. "यू आर ब्रिलियंट विथ द फायर, अलका. पण लोकांना ऑथेंटिक लागतं."

ऑथेंटिक म्हणे. केबिनचे ओंडके फिनलंडहून लॉरीने आले, एमाची टोपी चीनमध्ये शिवलेली. खोटी काय ती मी एकटी.

तेही गिळलं असतं. पण माझी नात तनिषा माझ्या अर्जाचं ऐकून तोवर वर्गात सांगून बसली होती, की त्या केबिनची बाई म्हणजे माझी आजी. आणि आज तिचाच वर्ग यायचा होता. काल फोनवर खरं सांगणार होते. "आजी, मी सगळ्यांना सांगितला आहे," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. मी जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

"हेलन, आज वारा उलटा आहे," मी म्हटलं. "दार बोटभर उघडं ठेव, नाहीतर धूर आत कोंडेल."

"बंद, अलका. प्लीज."

केलं बंद. मनात म्हटलं, भोग बाई आता आपल्या कर्माची फळं.

बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आत मुलांचा गलका झाला. एक पोरगा म्हणाला, "तनिषा, ही तुझी ग्रॅनी नाहीये." तनिषाने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग खोकला सुरू झाला. आधी एक मूल, मग सगळा वर्ग. टीचरने मुलांना पुढच्या दाराने बाहेर काढलं. मी मागचं दार ढकललं आणि कामाच्या पिवळ्या जाकिटासकट आत गेले. एमा डोळे पुसत चुलीत माहितीपत्रकं कोंबत होती.

"सरक, बाळा. तुझा नाही दोष."

माझी फुंकणी कोपऱ्यात होती. सेंट्रल हीटिंगच्या उरलेल्या तांब्याच्या पाइपची आमच्या ह्यांनी कापून दिलेली. दोन लाकडं मागे ओढली, गुडघ्यावर बसले, तीन फुंकरी घातल्या. जाळ धरला. धूर निमूट धुराड्यातून वर गेला.

मुलं दारात गोळा झाली. त्यांच्यातून तनिषा पुढे घुसली. "सी? शी इज माय आजी." मग जवळ येऊन हळूच विचारलं, "आजी, तू कुठे होता?"

"इथेच होते गं. दारामागे."

मुलांनी अर्धा तास प्रश्न विचारले. निखारा राखेत कसा जपायचा, भांडी राखेने कशी निघतात, सगळं सांगितलं. एमाही मुलांत बसून ऐकत होती.

वर्ग गेल्यावर हेलन आली. "फँटॅस्टिक, अलका. उद्यापासून तासभर लवकर ये आणि एमाला शिकव. मागच्या दाराला आपण पडदा लावू. म्हणजे ते उघडंही राहील आणि तू दिसणारही नाहीस."

"नाही," मी म्हटलं. तीस वर्षं या देशात सॉरी म्हटल्याशिवाय मी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

चूल पेटवणं माझ्या कामाच्या कागदावर कधीच नव्हतं. कागदावर मी क्लीनर. दुसऱ्या दिवशी केबिन झाडली, राख काढली, लाकडं रचली. एमाच्या खुर्चीवर काडेपेटी ठेवली. फुंकणी पिशवीत घातली आणि मागचं दार सताड उघडं टाकून निघाले.

दहा वाजता माझा टी ब्रेक. केबिनसमोरच्या बाकावर डबा उघडला. शाळेच्या दोन बसेस आल्या. हेलन केबिनच्या आतबाहेर करत होती, मधूनच माझ्याकडे बघत होती. धुराड्यातून काहीच येत नव्हतं. मी पोळीभाजी खाल्ली, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत.