पुण्यातबी आजच नळ आले का?

छत्रपती संभाजीनगरात माणसाचा निम्मा जन्म वाट पाहण्यात जातो. त्यातली पहिली वाट नळाची. आठवडा उलटो की दहा दिवस होवोत, आपल्या भागाची पाळी आली की गल्लीत कुणीतरी आरोळी ठोकतं, "नळ आले ओऽऽ!" मग देवपूजा असो की आलेला पाहुणा, सगळं जागच्या जागी टाकून माणसं हंडे घेऊन धावतात. आशाबाईंच्या गल्लीत आरोळीचा मान शेजारच्या जमिलाआपांचा. त्यांचं घर उतारावर, म्हणून पाणी आधी त्यांच्याकडे येई.

दुसरी वाट लेकराची. आशाबाईंचा एकुलता एक अभय पुण्यात नोकरीला होता. वडील गेल्यावर त्यानेच आईला मोठा फोन घेऊन दिला आणि व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते शिकवलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आशाबाई धुतलेलं पातळ नेसून, चहाच्या डब्याला फोन टेकवून बसत. पडद्यावर अभय, कधी सून सोनिया, कधी नात शर्वरी. अभयच्या पाठीमागे कायम तेच पुस्तकांचं कपाट आणि कुंडीतलं हिरवंगार झाड.

"अभय, त्या झाडाला पाणी घालतोस ना रं? एक पान वाढंना का गळंना."

"घालतो गं आई," अभय हसून म्हणायचा.

कॉल सुरू झाला आणि पोराचं येणं आटलं. आधी दिवाळीला यायचा, मग तेही राहिलं. "दर रविवारी तर भेटतो की आपण!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. आता याला भेट म्हणायचं तर जेवणाच्या फोटोने पोटही भरायला हवं! पण आईला कोण विचारतो?

मागच्या महिन्यात आशाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अभय म्हणाला, "सुट्टीच मिळत नाही गं." आशाबाई लगेच म्हणाल्या, "नको येऊ. एवढुसं तर ऑपरेशन हाय." असं म्हणणारी आई त्याच वेळी दाराकडे बघत असते, हे पोरांना कधी कळायचं? शेवटी जमिलाआपांनीच त्यांचा हात धरून त्यांना दवाखान्यात नेलं.

पुढे एका रविवारला जोडून सुट्ट्या आल्या. कॉल लागला. तेच कपाट, तेच झाड.

"डोळा कसा आहे आई?"

"बरा हाय. काळा चष्मा लावायचा अजून. सुट्ट्या हायेत म्हणं तुला?"

"कसल्या सुट्ट्या! घरूनच काम करतोय. पुण्यातून हलायला जमेना."

इतक्यात बाहेर जमिलाआपांची आरोळी आली, "नळ आले ओऽऽ!" आशाबाई हंड्यासाठी उठणार, तोच फोनमधूनही कुणी पुरुष ओरडला, "सोनिया, नळ आले! मोटर लाव आधी!"

अभयच्या मागून सोनिया धावली. अन् काय नवल! पुस्तकांच्या कपाटातून निम्मीच सोनिया बाहेर आली, निम्मी कपाटातच विरली. हवेत नुसती बादली तरंगत गेली. क्षणभर कपाट गेलं, झाड गेलं, आणि मागे हिरवी भिंत दिसली. कपाट अन् झाड म्हणजे फोनने मागे लावलेलं नुसतं चित्र होतं! ती भिंत आशाबाईंच्या ओळखीची होती. अभयचा मेहुणा सुदर्शन पाण्याच्या टाकीपलीकडे राहायचा, त्याच्या बैठकीची भिंत. आशाबाईंच्या घरापासून चार गल्ल्यांवर!

अभयचा चेहरा पडला.

"अभय," आशाबाई हळूच म्हणाल्या, "पुण्यातबी आजच नळ आले का रं?"

"आई, ते... आम्ही कालच आलो. सगळ्यांचं म्हैसमाळला फिरायला जायचं ठरलं होतं. परत जाताना तुला..."

आशाबाईंनी फोन पालथा घातला. तो दोनदा वाजला, त्यांनी उचलला नाही. पोटच्या पोरानं फसवलं! ऑपरेशनला सुट्टी नव्हती, म्हैसमाळला होती. चार गल्ल्यांवर बसून पुण्याचं सोंग! ज्या झाडाची आपण इतकी काळजी करायचो, ते झाडसुद्धा खोटं निघालं. भिंतीला धरून त्या तिथंच बसल्या. नळ वाहत होता आणि पाणी मोरीत जात होतं.

बऱ्याच वेळाने जमिलाआपा आत डोकावल्या. "अरे बाई! नळ गेले की! एक हंडा बी भरला नाय?" मग त्यांनी आशाबाईंचं तोंड पाहिलं आणि त्या शेजारी येऊन टेकल्या. आशाबाईंनी सगळं सांगितलं.

"हा फोनच मेला काळतोंड्या!" आशाबाई म्हणाल्या. "नेऊन टाकते कचऱ्याच्या गाडीत. पुन्हा तोंड बघणार नाय त्याचं."

"फोनचा काय कसूर?" जमिलाआपा म्हणाल्या. "माझा पोरगा फरहान तिकडं सौदीत, जेद्दाला. त्याचे अब्बा गेले तवा माती द्यायला बी त्याला येता आलं नाय. तिथं फोन धरून लहान पोरावाणी रडला. त्या दिवशी फोन नसता तर आम्ही दोघं बी येडे झालो असतो. आशाबाई, ज्याला येता येत नाय, त्याच्यासाठी फोन रहमत हाय. ज्याला येता येतं अन् तरी येत नाय, त्याच्यासाठी तो नुसता बहाना हाय."

"म्हंजी लबाडी माझ्या पोराचीच."

"व्हय, त्याचीच! लई वाईट केलं त्यानं. पण तू काय म्हणली व्हतीस? 'नको येऊ.' मी तिथंच हुभी व्हते ना. झूट तू बी बोललीस. आता एकडाव खरं बोल."

आशाबाईंनी फोन उचलला. चेहऱ्याचा नाही, साधाच कॉल लावला.

"अभय, तुझ्यापायी माझं पाणी गेलं. घरात प्यायला घोट नाय. हंडा भरून घेऊन ये. तूच ये."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. येईल का? की पुन्हा एखादं कपाट लावील मागं? त्या दाराकडे तोंड करून बसल्या, जमिलाआपा शेजारीच.

थोड्याच वेळात अभय आला. खांद्यावर हंडा, शर्ट भिजलेला, मागे सोनिया आणि शर्वरी. "आजी!" म्हणत शर्वरी कमरेला बिलगली आणि आशाबाईंचा तोल गेला. त्यांनी भिंत धरली. अभय बघतच राहिला. आई एवढी वाळली कधी? भिंत धरून कधीपासून चालते? फोनमध्ये तर नुसता चेहरा दिसायचा, तोही हसरा!

हंडा खाली ठेवून त्याने आईचे पाय धरले. "चुकलो आई. तुला कळलंच नाही तर दुखणारही नाही, असं वाटलं मला."

"दुखलं," आशाबाई म्हणाल्या. "लई दुखलं. परका फसवतो तवा माणूस दार लावून घेतो. तू फसवलंस, मी कोणतं दार लावू?"

सोनिया मान खाली घालून उभी होती. "आमचंही चुकलं आई," ती म्हणाली. "म्हैसमाळला आता कुणी जाणार नाही. सुट्टी संपेपर्यंत आम्ही इथंच राहणार."

आशाबाईंनी पदराने डोळा टिपला आणि त्याच हंड्यातलं पाणी चहाला ठेवलं. राग गेला नव्हता. पण चहा पाच कपांचा होता.

मंडळी, फोन वाईट नाही. दूरच्याला जवळ आणायला तो जरूर वापरावा, जवळच्याला दूर ठेवायला कधीही नाही. नळ आले म्हटलं की आपण हातातलं काम टाकून धावतो, कारण ते जाणार हे आपल्याला ठाऊक असतं. आई-बापही जाणारच आहेत. आणि त्यांची पाळी पुन्हा येत नाही!