मास्तरांच्या नावाचं दुकान

मास्तर गेले आणि मागे उरली बटणं. शिंप्याच्या घरात दुसरं काय उरणार म्हणा! शिंपल्याची, शिंगाची, पितळेची. बरण्यांत, डब्यांत, पलंगाखाली, जिथे हात घालाल तिथे बटणं. मुलगी म्हणाली, "आई, भंगारात देऊन टाक सगळं." मास्तरीणबाईंनी तिच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की बिचारीनं पुन्हा विषय काढला नाही. उलट एका रविवारी येऊन तिनंच मोबाइलवर ऑनलाइन दुकान थाटून दिलं. दुकानाचं नाव ठेवलं 'मास्तर'.

गिऱ्हाईक जमायला वेळ लागला नाही. जुने कोट दुरुस्त करणारे होते, बाहुल्या करणाऱ्या बाया होत्या, आणि दूरच्या कुठल्याशा नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारा एक म्हातारा होता. ही सगळी मंडळी मेसेज करायची ती थेट मास्तरांना. "मास्तर, असली आणखी मिळतील का?" कपडेपटवाल्यानं पहिल्यांदा विचारलं, तेव्हा 'मास्तर आता नाहीत' असं लिहायला बाईंनी घेतलंही होतं. पण बोट काही पुढे सरकेना. कात्री बाजूला ठेवून, चष्मा कपाळावर ढकलून मास्तर काय म्हणाले असते, ते त्यांच्या कानात आपोआप वाजलं. त्यांनी तेच टाइप केलं, "मिळतील की! पण कोट कुणाचा ते आधी सांगा. पोट सुटलेल्याचा असेल तर दोरा दुहेरी घ्या."

झालं! त्या दिवसापासून मास्तर बोलायला लागले. दुपारचं जेवण आटोपलं की बाई शिलाई मशीनपाशी मोबाइल घेऊन बसायच्या. "अहो, इतकं तिरकस नका बोलू, गिऱ्हाईक पळेल," असं मोठ्यानं म्हणायच्या, आणि तरी त्यांचं तिरकस उत्तर जसंच्या तसं पाठवायच्या. कोणी चिडलं नाही. कपडेपटवाला तर काही घ्यायचं नसलं तरी गप्पा मारायला यायचा. मास्तर असताना दुकानाच्या बाकड्यावर असेच दोघं-तिघं रिकामटेकडे बसलेले असायचे, आणि आत चहा करता करता बाईंना वैताग यायचा. आता मात्र त्या वैतागाचीही आठवण गोड वाटायची.

मग एके दिवशी, ज्या ऑनलाइन बाजारात हे दुकान होतं, तो चालवणाऱ्या कंपनीची सूचना आली. सतत विक्री करणाऱ्यांनी आपलं खरं नाव, पत्ता आणि कर क्रमांक द्यायचा. विक्रीचा हिशेब कर खात्याकडे जाणार, आणि विकणाऱ्याचं खरं नाव दुकानावर गिऱ्हाइकांना दिसणार. माहिती भरली नाही तर दुकान बंद.

बाईंनी मुलीला बोलावून घेतलं. "बाईमाणूस एकटी राहते म्हटल्यावर उद्या कोणी ऐरागैरा दारात येऊन उभा राहिला तर?"

"पत्ता कंपनीकडेच राहणार, मी विचारून घेतलंय. नाव तेवढं दिसेल. आणि विक्री कळवली म्हणजे लगेच कर बसतो असंही नाही."

"कराला कोण भितंय! तुझ्या बाबांनी उभ्या जन्मात कुणाची दमडी बुडवली नाही."

"मग घोडं अडलंय कुठं?"

बाईंनी मोबाइल ओढून घेतला आणि भरून टाकलं मास्तरांचं नाव, मास्तरांचा क्रमांक. यात लबाडी नव्हती हो! दुकानाचं जे काही असेल ते त्यांच्याच नावानं, हीच हाताला सवय. पडद्यावर थोडा वेळ चक्र फिरलं आणि उत्तर आलं, 'या नोंदीतील व्यक्ती हयात नाही.'

गेले, सुटले, देवाघरी गेले, असं सगळ्यांनी म्हणून झालं होतं. इतकं रोखठोक कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मुलीनं घाबरून मोबाइल उचलला, तर त्यात मास्तरांच्या गप्पाच गप्पा. वाचता वाचता ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला.

"आई, हे बाबाच बोलतायत गं!"

"इथं सगळ्यांना ठाऊक आहे ते गेले ते. त्या लोकांपुरते तेवढे जिवंत होते. आता तिथंही मीच मारू का त्यांना?"

"मग बंद करू या दुकान."

"बंद केलं तरी ते गप्पच होणार ना!" बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि स्वतःचं नाव भरलं.

पण दुकानावर नाव दिसायच्या आधी कपडेपटवाल्याला आपणच सांगायला हवं होतं. त्यांनी लिहिलं, "मास्तर पाच वर्षांपूर्वी वारले. मी त्यांची बायको. इतके दिवस मीच उत्तरं देत होते. राग मानू नका."

 त्याचं उत्तर आलं, "फार वाईट वाटलं. दुपारी मी त्यांची वाट बघायचो. पितळेची बटणं हवी होती, पण आज राहू द्या. मास्तर दिसायला कसे होते?"

बाईंनी सवयीनं कान दिला. मास्तर काहीच बोलले नाहीत.  मग बाईंनी स्वतःच्याच शब्दांत लिहायला घेतलं, "बुटके होते. पण तसं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही."